डूलिनची संध्याकाळ

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही आयर्लंडला जात आहोत. पारंपरिक संगीतासाठी नावाजलेल्या डूलिन गावी एक मुक्काम पुरेल का? तिथल्या मैफलींना तिकीट असते का?

उत्तर : पबमधल्या नेहमीच्या मैफलींना सहसा तिकीट नसते. तिथे त्यांना ‘सेशन’ म्हणतात. क्लेअर परगण्यातल्या या किनाऱ्यावरच्या गावात टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) वाजवणारे मिको रसेल (१९१५–१९९४) राहत असत आणि त्यांच्यासारख्यांमुळेच गावाचे नाव दूरवर गेले. वादक मंचावर नव्हे, तर कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गोलाकार बसतात; एकाने फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, रील ही नाचाची जलद धून सुरू केली की कॉन्सर्टिना ही भात्याची छोटी पेटी, बासरी आणि हाताने धरून वाजवायचे बोरॉन हे चर्मवाद्य त्यात मिसळत जाते आणि न थांबता दुसरी, मग तिसरी धून येते. त्यांच्यासाठी राखलेल्या खुर्च्यांवर बसू नये, आणि कोणी वाद्याविना एकट्याने गाऊ लागले तर बोलणे थांबवावे. टाळ्यांचा ठेका धरण्याचा मोह आवरावा, कारण त्याने वादकांची लय बिघडते.

माझ्या मते दोन मुक्काम करावेत. मैफली रात्री उशिरा रंगतात, तेव्हा सकाळी लवकर निघणे जिवावर येते. शिवाय २१४ मीटरपर्यंत उंच मोहरचे कडे आणि ॲरन बेटांच्या बोटी जवळच आहेत. याच परगण्यातल्या मिलटाउन मॅलबे गावी १९७३ पासून दर जुलैत आयरिश बॅगपाइप वाजवणारे विली क्लॅन्सी यांच्या नावाने संगीतशाळा भरते. तारखा जुळल्या, तर तिकडे अवश्य जावे. मात्र राहण्याची सोय फार आधी करावी.