शाडूतून हायड्रोजन निघेल का?

प्रश्न : आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. मातीपासून हायड्रोजन इंधन करतात, असं मुलाने मोबाइलवर दाखवलं. उरलेल्या शाडूची पोती पडून असतात. त्यातून काही निघेल का?
– एक मूर्तिकार, पेण

उत्तर : हायड्रोजन मातीतून निघत नाही हो. तो निघतो पाण्याच्या वाफेतून आणि मिथेन किंवा अल्कोहोलमधून, आणि ते घडवून आणतं निकेल. मातीने फक्त निकेलला बसायला जागा द्यायची. नुसती निकेलची पूड ७००-८०० अंशांवर ठेवली, तर कण एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो आणि काम थंडावतं. कारखान्यांत ही जागा बहुतेक अॅल्युमिनियमचा ऑक्साइड, म्हणजे अ‍ॅल्युमिना देतो. माती स्वस्त, म्हणून आमच्यासारखे तिच्या मागे.

मी नोकरीत असताना कच्छच्या बेंटोनाइटवर, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या मातीवर, हे केलं. आधी माती आम्लात उकळायची. आम्ल तिच्यातलं थोडं अ‍ॅल्युमिनियम ओढून काढतं, माती सच्छिद्र होते. मग धुणं, आणि ते काही संपत नाही. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की पाणी पुन्हा दुधाळ, म्हणजे आम्लाचा अंश अजून उरलेला. दुधाळ व्हायचं थांबलं की निकेल नायट्रेटच्या हिरव्या पाण्यात भिजवायची, वाळवायची आणि ५०० अंशांवर भाजायची. भट्टीतून तपकिरी धूर निघतो. शेवटी निकेल ऑक्साइडचा धातू व्हावा म्हणून त्यावरून सोडायचा हायड्रोजनच! हायड्रोजन करायला आधी हायड्रोजन खर्चायचा, याचं आम्हाला हसू यायचं.

एकदा रात्रीत भट्टी ९०० च्या वर गेली. सकाळी हाती आली ती वीट. थर बसले, छिद्रं गेली, महिन्याची मेहनत वाया. या मातीचं खरं दुखणं हेच, उष्णता.

तुमचा शाडू बराचसा चिनी मातीच्या जातीचा. तिचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून मुळात जागा कमी. ५००-६०० अंशांवर भाजून मग आम्ल दिलं तर थोडी वाढते. पण एका पोत्यातली मूर्ती तडकते, दुसऱ्यातली नाही, हे तुम्हीच रोज पाहता. आमचंही तसंच, लोह-वाळूचं प्रमाण बदललं की आकडे बदलतात.

पोती भिजवून पुढच्या हंगामाला मळा. आणि मुलाला आम्लाचा प्रयोग घरी करू देऊ नका. त्यापेक्षा दोन पेले पाणी घेऊन एकात शाडू, दुसऱ्यात बेंटोनाइट टाकायला सांगा. शाडू सावकाश तळाशी बसेल, बेंटोनाइट पाणी शोषून फुगेल.