एकत्र कुटुंबं बायकांमुळे मोडली का?

तुम्ही विचारलंय की पूर्वी घरं एकत्र होती, मग बायका शिकल्या, कमवायला लागल्या आणि घरं फुटली, हे खरं का? मी कोकणातली, गिरणी कामगाराची नात. हे लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणून लिहितेच.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. आजोबा परळला गिरणीत, राहायला गावकीची खोली. गावचे सगळे बापये तिथेच, पाळीनुसार आळीपाळीने झोपायचे, जेवायला खानावळीत. तिथे बायको आणणार कुठे? १९२१ च्या जनगणनेत मुंबईत १००० पुरुषांमागे ५२५ च्या आसपास बायका होत्या. आमच्यासारख्यांच्या बायका गावी, शेतात. नवरा भेटणार शिमग्याला नि गणपतीला. घराचे दोन तुकडे गिरणीने तेव्हाच केले होते.

मनिऑर्डर यायची थोरल्या आजोबांच्या नावे, कर्ते ते. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजायचा, कुपनावरचा मजकूर वाचून दाखवायचा. आजी माजघराच्या दाराआडून ऐकायची. पैसे पेटीत, किल्ली थोरल्यांच्या करगोट्याला. माझे वडील लहानपणी तापाने फणफणले तेव्हा आजीने डॉक्टरकडे न्यायला पैसे मागितले. पेटी उघडली नाही. तिने मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं: यापुढे मनिऑर्डर माझ्या नावे करा. पहिली आली, आजीने अंगठा उठवला आणि त्याच संध्याकाळी थोरल्यांनी तिची चूल पडवीत काढली. चूल काढली त्यांनी, पण ‘हिनं घर फोडलं’ हे आजीला मरेपर्यंत ऐकावं लागलं.

चुलतकाका अजून आरतीनंतर हेच सांगत बसतात. याच काकांनी माझ्या आत्यांना ‘हक्कसोडपत्रावर सही करा, नाहीतर माहेर तुटेल’ म्हणून धमकावलं होतं. मग घर कोण फोडतंय?

चार पिढ्या एका छपराखाली, हेही सरसकट खरं नाही. १९११ ते १९२१ या दशकात, प्लेग आणि १९१८ च्या तापाच्या साथीत, देशातलं सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही आत होतं. बालमृत्यूंमुळे आकडा खाली येतो हे धरलं तरी, नातवाची मुंज-लग्नं बघणारे आजोबा घरोघरी नव्हते. घरं एकत्र राहायची ती मुख्यतः जमिनीमुळे. पगार हातात आला की वेगळी चूल परवडते, मग तो पगार नवऱ्याचा असो की बायकोचा.

एक मात्र मान्य करते. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली तेव्हा त्याच गावच्या घरातून आम्हाला तांदूळ येत होते. बाळंतपणं, म्हातारपणं त्या घरात निभावली गेली. ते सगळं बायकांनी केलं, आणि सातबाऱ्यावर त्यांच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं.

तुमच्या घरी वाटणीचा विषय निघाला असेल तर बहिणींना आधी बोलवा. हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आहे, तोही तेव्हा लग्न न झालेल्यांना. २००५ पासून देशभर, हा कायदा लागू असलेल्या घरांतल्या सगळ्या मुलींना. वडील २००५ आधी वारले असले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदवलेली वाटणी मात्र उकरता येत नाही, तेवढं वकिलाकडून तपासून घ्या. आणि कोणी ‘माहेर तुटेल’ म्हणालं तर सही करू देऊ नका.