आमवात आणि मानेतलं यंत्र

प्रश्न : आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आमवात) आहे, मेथोट्रेक्सेट हे औषध चालू आहे. मानेत यंत्र बसवून नसेला विजेचे झटके देतात म्हणे. त्याऐवजी कानाला लावायची, तशीच स्पंदनं देणारी क्लिप चालेल का?

उत्तर : झटके नव्हेत, सौम्य स्पंदनं. मानेत डाव्या व्हेगस नसेवर (मेंदूतून पोटापर्यंत जाणारी नस) शस्त्रक्रियेने छोटं यंत्र बसवतात. ते दिवसातून एकदा, मिनिटभर चालतं. संदेश प्लीहेपर्यंत पोचतो आणि तिथल्या पेशी सूज वाढवणारं टीएनएफ नावाचं प्रथिन कमी सोडतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२५ मध्ये परवानगी दिली, तीही बायोलॉजिक (सजीव पेशींपासून बनवलेली) किंवा जॅक-रोधक (सूज वाढवणारे पेशींतले संदेश रोखणारी) औषधं लागू न पडलेल्या वा न सोसलेल्या रुग्णांसाठीच. २४२ जणांच्या चाचणीत तीन महिन्यांनी सुमारे ३५ टक्के रुग्णांना निदान २० टक्के आराम पडला. यंत्र बसवून बंद ठेवलेल्यांत २४ टक्क्यांना. फरक खरा, पण डोळे दिपावेत असा नाही. आवाज घोगरा होऊ शकतो, कारण स्वरयंत्राच्या नसा व्हेगसच्याच फांद्या.

क्लिपवर पैसे घालवू नका. कानावरचं यंत्र तुलनात्मक चाचणीत स्पंदनं न देणाऱ्या नकली यंत्राहून सरस ठरलं नाही.

आईंची मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच आहे ना, हे आधी बघा. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. मेथोट्रेक्सेटने भागत नसेल तर संधिवाततज्ज्ञांना बायोलॉजिकबद्दल विचारा.