‘सायनस आहे’ हे निदान नव्हे

नाकाच्या जुन्या तक्रारींविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत ‘मला सायनस आहे’ हे एक वाक्य हमखास आढळते. सायनस म्हणजे कपाळ, गाल, नाकाचा वरचा भाग आणि त्यामागील हाडे यांत असलेल्या हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या. त्या निरोगी माणसालाही असतात. त्यामुळे या वाक्यातून आजार मुळीच कळत नाही. निवडलेल्या पत्रांपैकी पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील चूक नाशिक परिसरात मला सर्वाधिक दिसते.

प्रश्न : मी निफाड तालुक्यात कांद्याच्या खळ्यावर प्रतवारीचे काम करते. वय ३८. तीन वर्षांपासून कामावर गेले की लागोपाठ पंधरा-वीस शिंका येतात, नाकातून पाणी गळते आणि डोळे खाजतात. गेले आठ महिने नाक पूर्ण चोंदलेले असते. मेडिकलमधून आणलेले ड्रॉप्स घातल्याशिवाय रात्री झोप लागत नाही. बाटली उशाशीच असते. एक्स-रे काढून ‘सायनस’ सांगितले आणि प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले. दिवाळीत बाजार बंद होता तेव्हा शिंका जवळजवळ थांबल्या, पण नाक काही मोकळे झाले नाही. ऑपरेशन करावे का?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील दिवाळीचे वाक्य मला एक्स-रेपेक्षा अधिक उपयोगाचे वाटले. खळे बंद झाल्यावर शिंका थांबल्या, याचा अर्थ शिंकांचे कारण खळ्यावर आहे. नाक मात्र तसेच राहिले, याचा अर्थ चोंदण्याचे कारण आपल्याबरोबर घरी आले आहे. ते कारण बहुधा आपल्या उशाशी असलेली बाटलीच आहे.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सीमेटाझोलिन असलेले थेंब नाकातील सुजलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. मात्र हे थेंब सलग पाच-सात दिवसांपेक्षा अधिक काळ वापरले, तर त्यांचा असर उतरताच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब, आणि पुन्हा सूज. औषधानेच जडलेला हा विकार आहे. यात रुग्णाचा दोष नाही, कारण बाटली हातात देताना दिवसांची मर्यादा क्वचितच कोणी सांगते. थेंब एकदम बंद करणे जड जात असेल, तर आधी एकाच नाकपुडीतील थेंब बंद करावेत, त्याच दिवसापासून दोन्ही नाकपुड्यांत स्टिरॉइडचा फवारा सुरू करावा आणि एक बाजू मोकळी होऊ लागली की दुसरी बाजू सोडावी. पहिला आठवडा त्रासाचा जातो. उशी थोडी उंच घ्यावी आणि झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुवावे.

‘स्टिरॉइड’ शब्दाने दचकू नये. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन यांचा फवारा नाकाच्या अस्तरावर काम करतो आणि त्यातील फारच थोडा अंश रक्तात जातो. तो थेंबांसारखा लगेच जाणवत नाही. पूर्ण परिणामाला साधारण दोन आठवडे लागतात, आणि नेमके त्याआधीच बहुतेक लोक ‘फरक नाही’ म्हणून तो सोडून देतात. मारण्याची पद्धतही चुकते. माझ्यासमोर फवारा मारून दाखवा असे सांगितले की दहातील बरेच जण मान मागे टाकतात, नळी सरळ मधल्या पडद्यावर रोखतात आणि जोरात ओढून घेतात. औषध घशात उतरते आणि पडद्यातून रक्त येऊ लागते. त्याऐवजी नाक हलके शिंकरून घ्यावे, बाटली हलवावी, मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत नळी धरावी. त्यामुळे नळीचे टोक आपोआप डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. श्वास नेहमीसारखा घ्यावा. औषधाची चव घशात आली, तर श्वास जोरात ओढला गेला असे समजावे.

आता खळ्याविषयी. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा वायू वेगळा आणि साठवलेल्या कांद्याच्या टरफलांवर दिसणारी काळी भुकटी वेगळी. ही भुकटी म्हणजे बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी असते आणि कांदे उलथताना तिचे बीजाणू टरफलांच्या धुळीबरोबर उडतात. वायूने कोणाचेही नाक-डोळे चुरचुरतात, तर बुरशीची आणि धुळीची अ‍ॅलर्जी ज्याच्या शरीराने ती धरली आहे त्यालाच होते. आपले डोळे खाजतात आणि शिंका लागोपाठ येतात, म्हणून माझा कल अ‍ॅलर्जीकडे आहे. त्वचेवरील चाचणीने खात्री करता येईल. मात्र सेटिरिझिनसारख्या शिंका थांबवणाऱ्या गोळ्या चाचणीपूर्वी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. कामावर ओढणी बांधण्याऐवजी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरावा. तो धूळ आणि बीजाणू अडवतो, वायू अडवत नाही. काम सोडा असा सल्ला देणे सोपे असते, पण हंगामाच्या मजुरीवर घर चालते हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी मुखपट्टा, घरी आल्यावर अंगावरचे कपडे बदलणे, नाक धुणे आणि फवारा एवढे तीन महिने नेटाने करून पाहावे.

ऑपरेशनचा विचार आज करू नये. सायनसचा जुनाट दाह म्हणण्यासाठी नाक चोंदणे, घट्ट स्राव, चेहऱ्यावर दाब, वास न येणे यांपैकी किमान दोन लक्षणे, त्यांतही चोंदणे किंवा स्राव यांपैकी एक, १२ आठवड्यांहून अधिक काळ असावी लागतात आणि दुर्बिणीने किंवा सीटी स्कॅनने ती बाब सिद्ध व्हावी लागते. साध्या एक्स-रेवरून ती ठरत नाही. प्रतिजैविकांचे तीन कोर्स ना अ‍ॅलर्जीवर चालले, ना थेंबांच्या सवयीवर, यात नवल नाही.

प्रश्न : मी पंचवटीत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. रोज जलनेती करतो. नळाचे पाणी चालते का? शिवाय कधी डावी, कधी उजवी नाकपुडी बंद होते. हा पडदा वाकडा असल्याचा परिणाम आहे का?

उत्तर : गुरुजी, आपला दुसरा प्रश्न आधी घेतो. आळीपाळीने बंद होणारे नाक बहुधा निरोगी असते. एका बाजूचे अस्तर काही तास फुगते, दुसऱ्या बाजूचे ओसरते आणि मग क्रम उलटतो. १८९५ मध्ये कायझर या जर्मन वैद्याने याचे वर्णन केले. आपल्याकडे योगात डाव्या नाकपुडीच्या श्वासाला चंद्रस्वर आणि उजव्या नाकपुडीच्या श्वासाला सूर्यस्वर म्हणतात, ते निरीक्षण याच गोष्टीचे आहे. पडद्याच्या वाकडेपणामुळे सहसा एकच बाजू कायम अडते. थोडा वाकडा पडदा तर कित्येकांचा असतो आणि त्रास नसेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही.

नळाचे पाणी मात्र चालत नाही आणि गोदावरीचे तर मुळीच नाही. पिण्यास योग्य पाणी नाकासाठी योग्य असेलच असे नाही, कारण गिळलेल्या पाण्यातील जंतूंना जठरातील आम्ल गाठते, तर नाकाच्या छतापासून मेंदू अगदी जवळ असतो. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा याच वाटेने मेंदूत शिरतो. केरळमध्ये २०२४ मध्ये या संसर्गाने मृत्यू झाले. असा संसर्ग अत्यंत विरळा आहे, पण झाला तर जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो आणि तो टाळण्यासाठी पाणी उकळणे पुरेसे आहे. उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ती चालू ठेवावी, पाणी झाकून कोमट होऊ द्यावे आणि अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण पाऊण सपाट चमचा मीठ घालावे. मीठ कमी पडले तर नाक झोंबते. नेतीनंतर पुढे वाकून पाणी निथळू द्यावे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरल्यास ते कानाकडे ढकलले जाते. नेतीचे भांडेही रोज धुऊन कोरडे करावे.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा तोंड उघडे ठेवून झोपतो, घोरतो आणि वरचेवर कान दुखतो म्हणतो. दीड वर्ष माँटेलुकास्टची गोळी रोज चालू आहे. हल्ली तो रात्री दचकून उठतो. (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : नाकाच्या मागे असलेली अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढली असण्याची शक्यता मोठी आहे; कानाची नळी तिच्या शेजारीच उघडते, म्हणून कानही दुखतो. झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबून तो धापा टाकत जागा होतो का, हे पाहून मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चित्रण करावे. तपासणीच्या वेळी त्याचा फार उपयोग होतो. श्वास थांबत असेल, तर वाट पाहू नये, गाठ काढण्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. गोळीबद्दलही डॉक्टरांशी याच आठवड्यात बोलावे. माँटेलुकास्टमुळे काही मुलांत वाईट स्वप्ने, चिडचिड, उदासी दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत ठळक इशारा छापणे बंधनकारक केले आणि केवळ अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी ते सहसा पहिले औषध असू नये असे सांगितले. इतके असूनही ते वर्षभर चालू राहिलेले मी पाहतो, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : वय ४६, सातपूरला कारखान्यात नोकरी. दोन्ही बाजूंना नाकात मांस वाढले होते, दुर्बिणीने काढले. तीन वर्षांत परत आले. दमा आहे. अंगदुखीची गोळी घेतली की धाप लागते. वास अजिबात येत नाही. ऑपरेशन फुकट गेले का?

उत्तर : फुकट गेले नाही, मात्र ते पूर्ण उपचार म्हणून सांगितले गेले असावे. कोंब (पॉलिप), म्हणजे नाकात वाढलेले हे मांस, अस्तराच्या दीर्घ दाहाचे फळ आहे. शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते आणि औषध आत पोहोचू शकते. मूळ दाह तसाच राहतो, म्हणून त्यानंतरही फवारा आणि धुणे वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. आपल्याला दमा, कोंब आणि वेदनाशामकांनी होणारा त्रास हे तिन्ही एकत्र आहेत आणि अशा रुग्णांत कोंब परत येण्याचा कल जास्त असतो. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे आणि दुखण्यासाठी काहीही घेण्यापूर्वी डॉक्टरांना हा इतिहास सांगावा; एक चिठ्ठी पाकिटात ठेवलेली बरी. दम्याचा पंप बंद करू नये. ड्युपिलुमॅबसारखी नवी इंजेक्शने अशा रुग्णांना उपयोगी पडतात, पण त्यांचा खर्च मोठा आहे आणि ती कोणाला द्यावीत हे तपासण्यांवरून ठरते.

कोंब एकाच बाजूला असेल, त्यातून रक्त येत असेल, डोळा सुजला किंवा दोन-दोन दिसू लागले, तर ते वेगळे प्रकरण असते आणि त्यात तुकडा काढून केलेली तपासणी (बायॉप्सी) टाळू नये. मधुमेही माणसाला तीव्र गालदुखी होऊन नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२१ ची ती ‘काळी बुरशी’ (म्युकरमायकोसिस) अनेक घरांनी जवळून पाहिली आहे.

प्रश्न : एकाच नाकपुडीतून कुजका वास येतो, वरची दाढ गेल्या वर्षी भरली होती. (नाशिकरोड)

उत्तर : वरच्या दाढांची मुळे गालाच्या पोकळीच्या तळाला लागून असतात, म्हणून दाढेतला बिघाड त्या पोकळीत पोहोचू शकतो. माझ्याकडे येण्यापूर्वी त्या दाढेचा एक्स-रे काढून दंतवैद्याला दाखवावा.