विंडोजच्या बाजूला उबुंटू टाकतोस? थांब जरा

भाऊ, उबुंटू म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, ती त्याच मशीनवर बसवायची तर पहिले फोटो-कागदपत्रं दुसरीकडं काढून ठेव. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिही, नाहीतर विंडोज दारातच अडवते. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी कर. २५ जीबीत भागते, पण मी ५० सोडतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर चालू व्हायची सोय) बंद कर. अन् ईएफआय पार्टिशन (डिस्कचा तो तुकडा जिथून मशीन सुरू होते) फॉरमॅट करू नको, बाप्पा! तो दोघांचा सामाईक धुरा आहे.

आपल्याकडं लाइनचा काही नेम नाही. माझा डेस्कटॉप पार्टिशन कापताना मधातच बंद पडला, सारा डेटा गेला. म्हणून लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरूनच बस.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं दिसलं तर भिऊ नको. उबुंटू मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितो, विंडोज तीच वेळ स्थानिक समजते.