आधी जावक क्रमांक, मग फळा

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. गणिताच्या बाई प्रसूती रजेवर गेल्या, म्हणजे १८० दिवस गेल्या. त्यांची नववी-दहावी तुझ्या गळ्यात आली. बी.एड.ची इंटर्नशिप आता संपत आलीय आणि मुख्याध्यापिका म्हणतात, "पुढेही चालू ठेव, महिन्याला पाच हजार हातात देऊ, शेवटी अनुभवाचा दाखला देऊ." इथवर ठीक. शेवटच्या ओळीला मात्र माझं डोकं फिरलं: "सर, लेखी मागितलं तर मॅडमना वाईट वाटेल का?"

वाटू दे की! त्यांना वाईट वाटू नये याची काळजी तू कशाला करतेस?

तू चांगलं शिकवतेस की नाही, मुलं ऐकतात की नाही, यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. ते तुला येतं. मला बोलायचंय ते कागदाबद्दल. लेखी घे. तारीख बघून घे, शिक्का बघून घे आणि त्याहीआधी जावक क्रमांक बघ, म्हणजे बाहेर जाणाऱ्या कागदाला कार्यालय रजिस्टरात देतं तो नंबर. जावक रजिस्टरला नोंद नसलेला आदेश उद्या कुणीही "आम्ही दिलाच नाही" म्हणून नाकारू शकतं.

तुझ्या बरोबरीचा कुणी डॉक्टर झाला की त्याला मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळतो. वकिलाला सनद मिळते. तुला बी.एड. झाल्यावर काय मिळणार? गुणपत्रक. एनसीटीई, म्हणजे शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद, मान्यता देते ती तुझ्या कॉलेजला, तुला नाही. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, दीडशेपैकी नव्वद गुण पडले की प्रमाणपत्र मिळतं, २०२१ पासून ते आजन्म चालतं, पण ते पात्रतेचं. अभियोग्यता चाचणी देऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव चढतं तेही उमेदवार म्हणून. शिक्षक म्हणून तुझी पहिली सरकारी नोंद होते ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक मान्यतेच्या पत्रात, आणि मग सरकारी पगारप्रणालीतल्या शालार्थ क्रमांकात. खासगी शाळेत या दोन्हींच्या मुळाशी एकच कागद असतो, शाळेचा नियुक्ती आदेश. तो नसेल तर तू त्या शाळेत कधी होतीस हे फक्त दहावीच्या पोरांना ठाऊक. त्यांची साक्ष पडताळणीला कुणी काढत नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक वही तुला दाखवायला हवी होती. शिक्षकांचं मस्टर मुख्याध्यापकांच्या टेबलावर असायचं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. माझी सही त्यात नव्हती. शिपाई कपाटामागून एक शंभर पानी वही काढायचा, तिच्या कव्हरवर 'इतर' असं लिहिलेलं. आत दर महिन्याला माझं नाव शिसपेन्सिलीने घातलेलं असायचं. मी मात्र सही पेनाने करायचो. तपासणी असली की वही गायब, आणि आदल्या संध्याकाळी मला निरोप, "उद्या जरा घरीच थांबा." ती माझी वर्षं कुठल्याही सेवापुस्तकात नाहीत. वरिष्ठ वेतनश्रेणी बारा वर्षांनी, निवड श्रेणी चोवीस वर्षांनी, आणि माझी दोन्ही गणितं पुढच्या शाळेतल्या आदेशाच्या तारखेपासून सुरू झाली. निवृत्तीचे कागद करताना लिपिकाने विचारलं, "सर, याआधी कुठे होता?" काय सांगणार? 'इतर' वहीत होतो?

त्या पुढच्या शाळेत मी रुजू व्हायला गेलो तेव्हा आधी कार्यालयात बसलो. आदेश टाइप होऊन, सही होऊन, जावक क्रमांक पडून हातात येईपर्यंत वर्गावर गेलो नाही. वर्ग रिकामा होता, पोरं गोंधळ घालत होती, मुख्याध्यापक दोनदा येऊन बघून गेले. स्टाफरूममध्ये नंतर माझं नाव 'जावक मास्तर' पडलं, ते निवृत्तीपर्यंत टिकलं. हेकट म्हणाले, संस्थेवर विश्वास नाही म्हणाले. म्हणोत. त्याच शाळेत कुठल्याही तात्पुरत्या शिक्षकाला आदेशाशिवाय उभं केलं की मी आधी चेअरमनच्या दारात जायचो. यामुळे माझं पर्यवेक्षकपद लांबलं हे मला माहीत आहे. पुन्हा वेळ आली तरी तसाच वागेन. आणि हे मी तुला का सांगतोय? तुझा मेसेज बाजूला ठेवून माझीच वकिली चाललीय असं वाटेल. थोडी चाललीयच.

पण माझं जाऊ दे, माझ्या एका सहकाऱ्याचं ऐक. अनुदानित शाळेत २००३ पासून शिकवत होता. "पद मंजूर आहे, कागद होतील" या तोंडी भरवशावर. आदेश निघाला जून २००६ चा. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नेमलेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना पगारातून वर्गणी कापणारी अंशदायी योजना. शिकवलं त्याने आधीपासून, आणि कागदाने त्याला रेषेच्या पलीकडे नेऊन ठेवलं. माणूस चांगला, संस्थाचालकही वाईट नव्हते. कागद मात्र नव्हता. आता कळलं मी एवढा का चिडतो?

मॅडम तुला सांगतायत की बी.एड. पूर्ण नाही म्हणून आदेश देता येत नाही. हे अर्धं खरं आहे. पहिली ते आठवीला ते खरंच जमणार नाही, तिथे आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, आणि टीईटी आड येते. पण तुझी नववी-दहावी आहे, तुझी शाळा ग्रामीण भागातली आहे आणि तू गणिताची बी.एस्सी. आहेस. खासगी शाळांचा सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि नियमावली १९८१ ची. तिच्या नियम ६ मध्ये सोय आहे: प्रशिक्षित पदवीधर मिळत नसेल तर अपवाद म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने अप्रशिक्षित पदवीधर नेमता येतो, वर्षापुरता, आणि प्रशिक्षित माणूस मिळाला की सोडण्याच्या अटीवर. परवानगी मिळेलच असं मी म्हणत नाही. पण प्रस्ताव पाठवायचा की नाही हे शाळेने ठरवायचं, आणि पाठवणार नसतील तर तसं लेखी सांगायचं. नियम ९ प्रमाणे आदेश 'अनुसूची ड'च्या नमुन्यात द्यावा लागतो आणि तो मिळाल्याची पोच तुझ्याकडून घ्यावी लागते. नियम १० मध्ये तात्पुरता कर्मचारी म्हणजे काय हेही लिहिलंय: तात्पुरत्या रिक्त जागेवर ठरावीक मुदतीसाठी नेमलेला. रजेची जागा अशीच असते. असा आदेश हातात असला की मधूनच काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. तोंडी नेमलेल्या मुलीला "उद्यापासून नको येऊ" एवढं पुरतं.

आता इंटर्नशिपचा घोळ, कारण तिथे तू दोन गोष्टी एकत्र केल्यास. इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचा भाग. १६ आठवडे, ९० टक्के उपस्थिती. तुझं टाचण कुणीतरी बघतं, पाठाला मागच्या बाकावर मार्गदर्शक बसतो, निरीक्षण वही भरते. त्याचे पैसे मागू नकोस, शोभत नाही. पण मागच्या बाकावर कुणी नाही, चाचणी तूच काढतेस, पेपर तूच तपासतेस, पालकसभेला तूच उभी राहतेस, त्याला शिकाऊ काम म्हणत नाहीत. एखादा ऑफ तास घेतला तर कुणी हिशेब मांडत नाही. रजेवरच्या बाईंचं अख्खं वेळापत्रक म्हणजे ऑफ तास नव्हे, बाळा.

आणि इंटर्नशिप संपली तरी तुझं चौथं सत्र उरतंच. तिथे ८० टक्के हजेरी लागते. दाखला तुला शाळेत सकाळी अकरा ते पाच दाखवणार आणि कॉलेजचं हजेरीपत्रक त्याच दिवशी कॉलेजात. हे दोन कागद उद्या पडताळणीच्या टेबलावर शेजारी ठेवले तर? मॅडम तेव्हा तुझ्या शेजारी उभ्या नसणार. म्हणून पूर्ण वेळापत्रक घेऊच नकोस. कॉलेजच्या वेळेबाहेर बसतील तेवढेच तास घे, तासिका तत्त्वावर, आणि प्राचार्यांची लेखी परवानगी आधी काढ. इथेही लेखीच. कंटाळलीस? कंटाळ.

पैशाचं थोडक्यात. नव्या शिक्षकाला आधी ठरावीक मानधनावर नेमायची शिक्षण सेवक योजना २००० साली आली तेव्हा माध्यमिकला चार हजार मानधन होतं, आम्ही त्याला वेठ म्हणायचो. २०२३ पासून ते अठरा हजार आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शाळेत बसणाऱ्या पदवीधरालाही दहा हजार ठरले, तेही थेट बँक खात्यात. समान कामाला तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही नियमित वेतनश्रेणीचा किमान पगार मिळावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलंय. ते तत्त्व तुझ्या मोजक्या तासांना लागू करून भांडायला जाऊ नकोस, हरशील. पण भाव करताना माहीत असू दे. रक्कम कमी असली तरी चालेल, मात्र ती आदेशात लिहिलेली असावी, तासाचा दर म्हणून, आणि खात्यात यावी. व्हाउचरवर आठ हजारांपुढे सही आणि हातात पाच, असा प्रकार निघाला तर त्याच क्षणी पेन खाली ठेव. रेव्हेन्यू स्टँपवरची सही तुझी असते.

तू म्हणशील, सर, एवढं मागितलं तर दुसऱ्या कुणाला तरी घेतील. घेतील कदाचित. तुझी फी, घरचं भाडं, धाकट्याची अकरावी, मला ठाऊक आहे. पाच हजार गेले तर चटका बसेल आणि मी इथून तो भरून देऊ शकत नाही. तरीही मी हेच सांगणार. आणि ही भीती तुझ्याइतकीच त्यांनाही आहे, हे विसरू नकोस. दहावीला सत्राच्या मधे गणिताचा माणूस मिळत नाही.

तर सोमवारी अर्ज दे. विषय: रजा कालावधीतील तासिकांसाठी लेखी आदेश मिळणेबाबत. त्यात वर्ग, तुकड्या, आठवड्याचे तास, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, तासाचा दर, बँक खाते, आणि हजेरी मुख्य मस्टरवर घ्यावी ही विनंती. शेवटचं वाक्य गाळू नकोस. दोन प्रती काढ, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन घरी आण. शिक्का देत नसतील तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठव. रजिस्टर्ड पोस्ट आता त्यातच विलीन झालंय, खिडकीवर उगाच शोधत बसू नकोस. मसुदा आधी मला पाठव. तुझ्या अर्जात 'विनंती'ची वेलांटी नेहमी चुकते.

तुझा
सर