साडेतीन वर्षांची मुलगी मराठी वाचायला लागली आहे. रत्नागिरीत तिच्यासाठी मॉन्टेसरी बालवाडी निवडताना काय पाहावं?

शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, शाळा चालू असताना तासभर वर्गात बसू द्या अशी विनंती करा. अडीच-तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र आहेत का, हे आधी बघा. तुमच्या मुलीसाठी सगळ्यात मोलाचं तेच. तिथे ती पाच वर्षांच्या दादा-ताईंसोबत बसेल, सोनेरी मण्यांवर (मॉन्टेसरीतलं मोजणीचं साधन) हजारापर्यंत जाईल आणि "हे पुढच्या वर्षी" असं तिला कुणी सांगणार नाही. ज्युनिअर-सीनियर वेगळे आणि दर अर्ध्या तासाला घंटा असेल, तर कपाटातली साधनं कितीही चकचकीत असोत, मी तरी तिथे घालणार नाही. सलग दोन-तीन तास मनासारखं काम करायला मिळायलाच हवं.

बाईंना थेट विचारा, "एखादं मूल पुढे गेलं तर काय करता?" जास्त गृहपाठ देतो म्हणाल्या, तर दुसरी शाळा बघा.

फी जास्त म्हणजे शाळा चांगली, असंही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली आपल्याच किनाऱ्यावर, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला, आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तू घेऊन बालशिक्षणाचं काम उभं केलं. शिंपले, काजूबिया, करवंट्यांनीही मोजणी छान होते.

आणि वाचता येतं म्हणून पहिलीची घाई नको. बटण लावणं, पाणी न सांडता ओतणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे तिला अजून शिकायचंय. घरी गोष्टींची पुस्तकं मात्र भरपूर द्या.